तहकुबीचे कारण

जासईच्या शेतकऱ्याला ‘तारीख’ हा शब्द पंचांगाइतकाच कोर्टामुळेही ठाऊक आहे. साक्षीचे समन्स आले, की दिवसाचे काम सोडून उरण, पनवेल नाही तर अलिबाग गाठावयाचे, व्हरांड्यात तिष्ठत बसावयाचे आणि अखेर खटला तहकूब झाल्याचे ऐकून परतावयाचे!

तहकुबी मुळातच वाईट, असे मात्र नव्हे. साक्षीदार आजारी असेल, आरोपीस वकील मिळाला नसेल, तर थांबणे हाच न्याय होय. म्हणूनच १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ३४४ व्या कलमाने वाजवी कारणास्तव काम पुढे ढकलण्याची मुभा दिली. अट एवढीच, की कारण लेखी नमूद व्हावे. १ एप्रिल १९७४ रोजी आलेल्या संहितेच्या ३०९ व्या कलमाने बजावले, की साक्षी एकदा सुरू झाल्या म्हणजे हजर साक्षीदार संपेपर्यंत काम रोज चालावे.

कायदा असा स्पष्ट असूनही विलंब का होतो? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या खटल्यात सापडते. १९८२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले व त्यांच्याविरुद्ध भ्रष्टाचाराची फिर्याद झाली. काम लवकर उरकावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला आणि शक्यतो रोज चालवावा असे सांगितले. परंतु एप्रिल १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेशच चुकीचा ठरविला. घाईसाठी काढलेल्या वाटेनेच चार वर्षे गेली!

याच प्रकरणात डिसेंबर १९९१ मध्ये पाच न्यायाधीशांनी शीघ्र न्यायाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात असल्याचे सांगितले. मात्र कालमर्यादा ठरविण्यास त्यांनी नकार दिला. विलंब कोणामुळे व कशामुळे झाला, हे प्रत्येक खटल्यात पाहावे, असा त्यांचा निर्णय. २००२ मध्ये सात न्यायाधीशांनी तोच कायम केला.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४६ व्या कलमाने पुढचे पाऊल टाकले. परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरीही दोनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, आणि त्याही कारण नोंदवूनच.

तेव्हा मंडळी, आपल्या खटल्याची तारीख पडली, की पुढचा दिवस तेवढा विचारून परतू नका. आजचा दिवस कोणत्या कारणाने गेला आणि रोजनाम्यात काय लिहिले, हेही आपल्या वकिलाला विचारा. सव्वाशे वर्षांचा कायदा कारण मागतो आहे; ज्याची मजुरी बुडाली त्याने ते का मागू नये?