वहीतले मासे

दौंडला भीमेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान आहे. दोर, सुतळी, जाळी आणि गळ, एवढंच पाटीवर लिहिलेलं असे. गांडुळं पाटीवर नव्हती. ती मागच्या अंगणात, आजीच्या रांजणात असत. ओली माती, त्यावर कुजका पाला आणि भिजवलेलं गोणपाट. उन्हाळ्यात आजी तुळशीला पाणी घालायची आणि उरलेलं या रांजणात ओतायची. पळसाच्या द्रोणात मूठभर माती नि त्यात वळवळणारी गांडुळं, असा तो माल विकला जाई. माझ्या शाळेतल्या मित्रांना याचं फार हसू येई. मलाही त्या वयात लाज वाटे. आज वाटतं, त्या रांजणाइतकी नदीची खबर गावात दुसरीकडे कुठे नव्हती. कोण गांडुळं नेतो आणि कोण बेडूक शोधतो, यावरून नदीला कोणता मासा आलाय ते आजी ओट्यावर बसून सांगे.

आमच्याकडे गळ असत ते नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचे. 1877 पासून गळ बनवणारी ही कंपनी. डबीवर नंबर छापलेले असत, आणि त्यांचा हिशेब उलटा: नंबर जितका मोठा तितका गळ लहान. पण आमच्या गिऱ्हाइकांपैकी नंबर सांगून गळ मागणारा विरळाच. मरळीचा गळ द्या, शेंगटीचा द्या, वामीचा द्या, अशीच मागणी असे. मरळीला जिवंत बेडकी किंवा लहान मासा लावायचा, म्हणून गळ दणकट. वामीला आणि शेंगटीला गांडूळ. रोहूसारख्या माशाला कणकेची गोळी, कुणी त्यात पेंड मिसळी, कुणी हिंग. आजोबाही वहीत तसंच लिहीत. ‘मरळ गळ अर्धा डझन’, ‘अहेर गळ दोन’. त्यांना मत्स्यशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं, उधारी विसरू नये इतकाच हेतू. वह्या मोडीत आहेत. निवृत्तीच्या वयात मी मोडी शिकलो ती या वह्या वाचण्यासाठी, आणि वाचताना ध्यानात आलं की ही उधारीची वही म्हणजे भीमेतल्या माशांची नोंदवही आहे.

अशी नोंद आमच्या आजोबांच्या शंभर वर्षं आधी एका इंग्रजाने केली होती. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून 1824 पासून दख्खनमध्ये हिंडला. जमीन, पिकं, लोकसंख्या यांची मोजदाद करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. भीमा आणि मुळा-मुठेतल्या माशांची त्याची वर्णनं 1839 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली. त्याचं मला विशेष वाटतं ते असं, की नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने कितीतरी ठिकाणी नदीवरच्या मासेमारांच्या तोंडचंच नाव उचललं आणि त्याला लॅटिन टोपी घातली. म्हणून आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात बरणीवर ‘टॉर खुद्री’, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, ‘गारा मुल्या’, ‘लॅबिओ बोग्गट’, ‘मिस्टस सींगटी’ अशी नावं दिसतात. शेंगटी, कोळस, मल्ल्या ही आमच्या काउंटरवरची नावं! पुढे 1952 मध्ये डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाला ‘खवलचोर’ हे नाव शास्त्रात दिलं. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा तो मासा. कोळी-भोयांची भाषा अशी शास्त्रात जाऊन बसली, पण ती नावं सांगणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आमची बहुतेक गिऱ्हाइकं भोई समाजाची. भोई म्हणजे पालखी वाहणारे आणि पाण्यावर जगणारे. मेणे, पालख्या, नदीवरची उतारू नाव, भोपळ्यांची सांगड आणि मासेमारी, ही सारी त्यांची कामं. मग रेल्वे आली. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि आमचं गाव जंक्शन झालं. मेण्यातून प्रवास करणारे रुळावर गेले, पुढे पूल झाले तसे नावेतले उतारूही घटले. वाहण्याची कामं गेली आणि पाण्यातला मासा तेवढा उरला. रेल्वेने एक गोष्ट मात्र दिली. रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड सुटीच्या दिवशी गळ टाकून नदीवर बसत. आजीच्या द्रोणांचे रोख पैसे देणारे तेच. भोई उधारीवर, साहेब रोखीवर, असं आमचं दुकान चाललं.

धंद्याचं वर्ष मृगापासून सुरू होई. पहिला पूर आला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, ओढ्या-नाल्यांत चढतात. ते चढणीचे मासे. त्या आठ-पंधरा दिवसांत आमचं दुकान पहाटे उघडे. श्रावणात सामसूम. त्या काळात जाळी सुताची आणि सणाची असत. भोयांच्या घरी बायका, पोरं, म्हातारे सगळे जाळं विणायला बसत. झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात जाळं बुडवायचं, वाळवायचं, म्हणजे ते कुजत नसे. तरी दोन-तीन हंगामांत विरेच. जाळं विणायला वेळ लागे, वाळवायला वेळ लागे, दुरुस्तीला वेळ लागे, आणि तेवढा वेळ नदीला मिळे. हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

साठच्या दशकात वडिलांनी नायलॉन आणलं. पाण्यात न दिसणारा, न कुजणारा तंगूस! सुताचं जाळं ज्या माशाला दिसे त्याला हे दिसेना. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. त्याच सुमाराला नदीही बदलू लागली होती. खाली आंध्रात 1967 मध्ये नागार्जुनसागर पूर्ण झालं आणि 1980 मध्ये आमच्या खालच्या अंगाला उजनी. अहेर हा मासा सापासारखा लांब. तो नदीत वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो. भीमेतला अहेर म्हणजे कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत जाणारा, आणि त्याची पिल्लं तिथून उलटी वर चढणारी. एवढ्या भिंती ओलांडून ती कशी यावीत? आमच्या वहीत ‘अहेर गळ’ ही नोंद आजोबांच्या काळात दर महिन्याला आहे, वडिलांच्या काळात वर्षातून एखाद-दुसरी, आणि माझ्या हातच्या वहीत एकही नाही.

उजनीने आमचा धंदा मात्र वाढवला, हे लपवण्यात अर्थ नाही. 117 टीएमसीचा जलाशय, दौंड-इंदापूर-करमाळ्याच्या बाजूला पसरलेलं पाणी. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, गावं उठली, जमिनी बुडाल्या. ज्यांचं शेत पाण्याखाली गेलं त्यांतले कितीतरी जण त्याच पाण्यावर जाळं टाकू लागले. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे. त्यांचं बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावं लागे. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, आणि बीज तळ्यात तयार होऊ लागलं. धरणात ते सोडलं गेलं. मग चिलापी आली. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये देशात आणला गेला. अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळणारा, कुठल्याही पाण्यात तगणारा. आज भिगवणच्या बाजारात सगळ्यात जास्त तीच दिसते. कोळस आणि खुद्री यांना लागतो वाहता, दगडगोट्यांचा तळ.  त्यातच मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. जलपर्णी चढली की काठावर उभं राहवत नाही.

इथपर्यंत दोष धरणाचा, शहराचा, असं म्हणून मला हात झटकता आले असते. पण वही तसं करू देत नाही.

1897 च्या कायद्याने सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला बंदी आली. आमच्या दुकानात तसला माल कधी आला नाही, याचा घरात मोठा अभिमान. मात्र नव्वदच्या दशकात मी बारीक आसाची जाळी विकायला आणली. बोटभरही नसलेली पिल्लं त्यात अडकत. सुकवून विकायला, कोंबड्यांच्या खाद्याला त्यांना मागणी होती. वडिलांना ते पसंत नव्हतं, पण दुकान माझ्या हाती आलं होतं आणि मुलांच्या फिया भरायच्या होत्या. मी न विकलं तर पलीकडचा विकेलच, हा माझा युक्तिवाद. एक म्हातारे भोई, आजोबांच्या वेळचं गिऱ्हाईक, ते जाळं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “शेठ, हे जाळं न्हाय, चाळण हाय. ह्यातनं उद्याचा मासा बी जायाचा न्हाय.” जाळं घडी घालून ठेवलं आणि निघून गेले. ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. पुढच्या मृगाला त्यांचाच मुलगा आला आणि तेच जाळं मागून नेलं. मी दिलं. ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

काही वर्षांनी मी तो माल बंद केला, पण त्यात फार मोठेपणा नाही. तोवर मागणीच दुसरीकडे गेली होती. आता माझा मुलगा दुकान बघतो. ताडपत्री, शेततळ्याचं कापड, नायलॉनचे दोर यांवर घर चालतं. रविवारी पुण्याहून हौशी मंडळी येतात, फायबरच्या काठ्या घेऊन. त्यांतले काही जण पकडलेला मासा फोटो काढून परत सोडतात. सुरुवातीला आम्हाला हे खुळ वाटलं. पण लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून महसीरचं बीज तयार करून लाखोंनी पाण्यात सोडलं, आणि देहूच्या घाटावर इंद्रायणीतल्या माशांना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाचे म्हणून हात लावला नाही, हे आठवलं की वाटतं, सोडून देणं आपल्याकडेही नवं नाही.

मागे कॉलेजची दोन मुलं सायक्सची यादी घेऊन दुकानात आली. यातले कोणते मासे अजून मिळतात, असं विचारत होती. मी त्यांना त्या म्हाताऱ्या भोयांच्या घरी घेऊन गेलो. ते नव्हते, त्यांच्या पत्नी होत्या, डोळ्यांना दिसत नव्हतं. मुलं एकेक नाव वाचू लागली. फुलुंगी म्हणताच आजी मान हलवायच्या, मल्ल्या म्हणताच हसायच्या. “कोळस?” म्हटल्यावर त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने कोपराच्या वर खूण केली, एवढा. त्यांचा नातू शेजारीच उभा होता, उजनीत रोज जाळं टाकणारा. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आज्जे, हे नाव मी पयल्यांदाच ऐकतोय.”

मी घरी आलो आणि आजोबांची वही काढली. ‘कोळस गळ एक डझन, उधार.’ खाली त्यांच्याच सासऱ्यांचं नाव होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)