मोटारसायकलवरील जीपीएस माउंटच्या विद्युत संपर्कांचे क्षरण

मोटारसायकलच्या हँडलबारवर जीपीएस उपकरण बसवण्यासाठी जो धारक वापरतात, त्यास माउंट किंवा क्रेडल असे म्हणतात. धारकातील स्प्रिंगच्या पिना उपकरणाच्या पाठीमागील धातूच्या टिकल्यांना टेकतात आणि त्या स्पर्शातून उपकरणास वीज मिळते. पाणी, क्षार, धूळ व सततची थरथर यांमुळे या पृष्ठभागांची झीज होऊन त्यांवर वीजरोधक थर साचतो. या क्रियेस संपर्कांचे क्षरण म्हणतात. बोलीभाषेत तिला गंजणे म्हटले जात असले, तरी तांबूस गंज हा लोखंडाचा असतो. तांब्याच्या मिश्रधातूंपासून बनलेल्या पिनांवर हिरवट किंवा निळसर जंगाल चढते.

परिणाम

क्षरण झालेल्या संपर्काचा विद्युत रोध वाढतो. उदाहरणार्थ, ५ व्होल्ट दाबाने २ अँपियर धारा वाहत असताना संपर्काचा रोध ०.२५ ओहम झाल्यास त्या ठिकाणी ०.५ व्होल्ट दाब घटतो व १ वॅट उष्णता निर्माण होते. उपकरणापर्यंत ४.५ व्होल्टच पोहोचल्याने त्याचे चार्जिंग मंदावते किंवा थांबते. पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह वारंवार येणे-जाणे हे सहसा पहिले लक्षण असते. पुढे उपकरण केवळ आतील बॅटरीवर चालते आणि लांबच्या प्रवासात, बहुधा पावसातच, बंद पडते. उष्णतेमुळे पिनेभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होऊन स्प्रिंग अडकण्याचाही संभव असतो.

कारणे

विद्युत विच्छेदन: धारक थेट बॅटरीला जोडलेला असल्यास वाहन बंद असतानाही पिनांवर विद्युत दाब राहतो. धन व ऋण पिनांमध्ये क्षारयुक्त पाण्याचा थेंब अडकला, की तेथे लहानसा विद्युत विच्छेदन घट तयार होतो. त्यात धन पिन धनाग्राचे काम करते आणि तिचा धातू आयनांच्या रूपाने पाण्यात विरघळतो. म्हणूनच बहुतेक वेळा धन पिन अधिक खराब झालेली दिसते. फॅरडेच्या नियमानुसार १ मिलिअँपियर धारा २४ तास वाहिल्यास आणि ती संपूर्णपणे तांबे विरघळवण्यात खर्च झाल्यास सुमारे २८ मिलिग्रॅम तांबे नाहीसे होते. बारीक पिनेच्या दृष्टीने हे प्रमाण मोठे आहे. याच कारणास्तव दूरध्वनी केंद्रांत बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडून तारांवर उणे ४८ व्होल्ट दाब ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

गॅल्व्हानिक क्षरण: पिनांवर सहसा निकेलचा थर व त्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. सोने स्वतः गंजत नाही. परंतु मुलाम्यास ओरखडा पडल्यास किंवा त्यात सूक्ष्म छिद्रे असल्यास ओलाव्याच्या सान्निध्यात सोने ऋणाग्र व खालचा धातू धनाग्र बनतो. लहानशा उघड्या भागावर ही क्रिया एकवटल्याने तेथील धातू वेगाने झिजतो.

घर्षणजन्य क्षरण: इंजिनाची थरथर व रस्त्यावरील धक्के यांमुळे संपर्क-पृष्ठभाग एकमेकांवर काही मायक्रोमीटर अंतराने सतत सरकतात. त्यामुळे मुलामा घासला जातो, उघड्या धातूचे ऑक्सिडीभवन होते आणि ऑक्साइडची पूड संपर्काच्या जागी साचते. वायरींच्या कनेक्टरमध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या संपर्कांना या प्रकाराचा विशेष त्रास होतो. यासाठी पावसाची आवश्यकता नसते.

हवामान: आयएसओ ९२२३ या मानकात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक व तापमान ०° सेल्सियसच्या वर असलेला काळ हा धातूचा पृष्ठभाग ओला राहण्याचा काळ मानला जातो. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळी आर्द्रतेच्या जोडीला समुद्री हवेतील क्लोराइड असल्याने क्षरणाचा धोका वाढतो. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ असाच परिणाम करते.

प्रतिबंध

सर्वांत परिणामकारक उपाय वीजजोडणीचा आहे. धारकाचा वीजपुरवठा इग्निशनच्या किल्लीवर चालणाऱ्या रिलेमार्फत व योग्य क्षमतेच्या फ्यूजसह दिल्यास वाहन बंद असताना पिनांवर दाब राहत नाही आणि विद्युत विच्छेदन थांबते. उपकरण काढून ठेवल्यावर पिनांवर रबरी टोपण बसवावे. मात्र पिना ओल्या असताना टोपण लावल्यास ओलावा आतच कोंडतो.

संपर्कांवर सिलिकोन ग्रीसचा अतिशय पातळ थर दिल्यास हवा व पाणी दूर राहते आणि घर्षणही घटते. हे ग्रीस वीजवाहक नसते. स्प्रिंगच्या दाबाने स्पर्शबिंदूवरील ग्रीस बाजूला सरकून धातूला धातू भिडतो, त्यामुळे वीजप्रवाहास अडथळा येत नाही. जाड थर दिल्यास त्यात धूळ चिकटते व ती घासकागदाप्रमाणे काम करते. धातूची पूड मिसळलेले वाहक ग्रीस जवळजवळच्या पिनांवर वापरल्यास शॉर्ट सर्किट होऊ शकते. सिलिकोन रबराच्या सीलला सिलिकोन ग्रीस लावल्यास ते फुगण्याची शक्यता असते.

वायर धारकात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकलेला वळसा दिल्यास तिच्यावरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते. सांध्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. अन्यथा केशाकर्षणामुळे पाणी तारांच्या पेडांमधून आवरणाखाली दूरवर पोहोचते.

स्वच्छता

सफाईपूर्वी वीजपुरवठा तोडणे आवश्यक असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने किंवा मऊ ब्रशने पिना पुसतात आणि पूर्ण वाळल्यावर ग्रीस लावतात. खारट पाणी उडाले असल्यास प्रथम गोड्या पाण्याने धुणे इष्ट असते. पॉलिश पेपर किंवा कानस वापरू नये. सोन्याचा मुलामा सहसा १ मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतो. तो एकदा निघाला, की पिन लगेच चकाकते, परंतु पुढचे क्षरण अधिक जलद होते. भांड्याची कल्हई उडाल्यावर आतील तांबे उघडे पडते, तसाच हा प्रकार आहे. खड्डे पडलेल्या किंवा अडकलेल्या पिना साफ करण्याऐवजी बदलणेच योग्य ठरते.

जलरोधनाची मर्यादा

उपकरणावरील आयपीएक्स७ हा दर्जा १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवल्यानंतरही हानिकारक प्रमाणात पाणी आत शिरत नाही, असे दर्शवतो. तो बाहेरील उघड्या संपर्कांच्या क्षरणाविषयी काहीही सांगत नाही. तसेच ही चाचणी स्थिर पाण्यातील असल्याने गाडी धुताना मारलेल्या उच्च दाबाच्या फवाऱ्यापासून संरक्षणाची हमी त्यातून मिळत नाही.

हे सुद्धा पहा

विद्युत विच्छेदन
गॅल्व्हानिक घट
जंगाल
जागतिक स्थान निश्चिती प्रणाली