वारा कोणाचा? यझ्द शहराच्या उन्हाळ्याचा इतिहास

आज आपण एका शहराच्या उन्हाळ्याचा इतिहास बघणार आहोत. उन्हाळ्याला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. ऊन दरवर्षी तेच, घाम तोच. पण उन्हापासून वाचायची साधनं माणसं घडवतात, आणि ती कुणाला मिळावीत हेही माणसंच ठरवतात. म्हणून उन्हाळ्यालाही इतिहास असतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे यंत्रापाशी थांबणार नाही. त्यामागच्या न्यायापर्यंत जाऊ.

शहराचं नाव यझ्द. इराणच्या मध्यभागी, दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन मोठ्या वाळवंटांच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर ते वसलेलं आहे. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम ६० मिलिमीटर. पुण्यात एका वर्षात जेवढा पडतो, तेवढा पडायला तिथे दहा-बारा वर्षं लागावीत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. मात्र हवा कोरडी, आणि रात्री गारवा. हा कोरडेपणा लक्षात ठेवा. मुंबईच्या दमट उकाड्यात माठातलं पाणीसुद्धा नीट गार होत नाही. यझ्दमध्ये थोडं पाणी हवेत मिसळलं की हवा लगेच थंड होते. त्या शहराची निम्मी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

आता घरापासून सुरुवात करू. घरं कच्च्या विटांची, भिंती जाडजूड, वरून माती आणि भुश्याचा गिलावा. दिवसभराची उष्णता भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि मधूनमधून गल्लीवर कमानी छत घातलेलं. त्याला म्हणतात साबात. घराच्या मधोमध अंगण. अंगणाच्या दक्षिणेकडची दालनं उत्तरेला तोंड करून, म्हणजे सावलीत, ती उन्हाळ्याची. समोरची, ऊन घेणारी, ती हिवाळ्याची. दुपारी सगळे उतरायचे तळघरात, त्याला सरदाब म्हणतात, आणि रात्री अंथरुणं गच्चीवर. म्हणजे कुटुंब घरातल्या घरात बिऱ्हाड हलवत असे. विदर्भातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. अंगणात बाजा टाकून झोपण्यातलं शहाणपण तेच.

दुसरी गोष्ट बादगीर. फारसीत बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे पकडणारा. छपरावर उंच मनोरा, त्याला उभे खाचे, आणि आत पडद्या घालून केलेले कप्पे. वारा एका बाजूने आत शिरून खाली खोलीत उतरतो, तिथली तापलेली हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. वारा पडला तरी मनोरा धुराड्यासारखा काम करतो, गरम हवा वर ओढून घेतो. खाली पाण्याचं कुंड ठेवलं की येणारी झुळूक आणखी गार. दौलताबाद बागेतला अठराव्या शतकातला बादगीर ३३ मीटरहून उंच आहे. म्हणजे साधारण दहा मजली इमारत, केवळ वाऱ्यासाठी.

पण कुंडात पाणी आलं कुठून? ही तिसरी गोष्ट, कनात. यझ्दच्या नैर्ऋत्येला शीरकूह हा ४००० मीटरहून उंच पर्वत आहे. त्याच्यावरचं बर्फ वितळून पायथ्याच्या मातीत मुरतं. तिथे खोल विहीर खणायची, आणि तळापासून शहराकडे अगदी सौम्य उतार देत जमिनीखालून बोगदा काढायचा. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवायच्या, माती बाहेर काढायला आणि हवा आत यायला. पंप नाही, बैल नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येतं. यझ्दजवळची झार्च कनात ७० किलोमीटरहून लांब आहे. २०१६ साली युनेस्कोने ज्या ११ इराणी कनातींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत तिचा समावेश आहे. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधली, ती याच विद्येच्या नात्यातली.

हे पाणी वाटायचं कसं? मोजून नव्हे, वेळेने. मोठ्या भांड्यात पाणी, त्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक वाटा झाला. जुन्या लग्नांत मुहूर्तासाठी मांडलेलं घटिकापात्र आठवा, तत्त्व तेच. वाटीवर माणूस नेमलेला, तो हिशेब ठेवणार, आणि त्याच्यावर साऱ्यांची नजर.

चौथी गोष्ट यख्चाल, बर्फाची साठवण. यझ्दजवळ मेबोद गावी तिचा मोठा मातीचा घुमट आजही उभा आहे. हिवाळ्याच्या रात्री उथळ खाचरांत पाणी सोडायचं. दिवसा उंच भिंतीची सावली त्यावर राहील अशी रचना. स्वच्छ आकाशाखाली पाण्यातली उष्णता निघून जाते आणि बर्फ धरतो. तो फोडून घुमटाखालच्या खोल खड्ड्यात भरला की उन्हाळ्यात कामी येतो. फालुदा हा शब्दही मूळचा फारसी, हे जाता जाता.

इथपर्यंतचं चित्र मोठं लोभस आहे, नाही का? २०१७ साली यझ्दचं जुनं शहरही युनेस्कोच्या यादीत आलं. परंतु इथेच थांबलो तर आपण इतिहास सांगितला असं होणार नाही. फक्त कौतुक केलं असं होईल.

यझ्दमध्ये शतकानुशतकं जरथुष्ट्री समाज राहत आला आहे. नेपियर माल्कम नावाचे इंग्रज मिशनरी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या संधिकाळी तिथे पाच वर्षं होते. त्यांचं पुस्तक १९०५ साली निघालं. मिशनरी माणूस, त्याची नजर त्याची. हे ध्यानात ठेवूनच वाचायला हवं. पण ते जे नोंदवतात ते थक्क करणारं आहे. जरथुष्ट्र्यांनी घर किती उंच बांधावं यावर बंधन होतं. जमिनीखाली खणायला हरकत नव्हती. माडी बांधायची नाही. १८९५ पर्यंत छत्री वापरायची नाही, आणि पुढेही शहरात ती उघडायची सोय नव्हती. आणि बादगीर? तोही नाही. माल्कम सांगतात की १९०० साली एका बड्या जरथुष्ट्री व्यापाऱ्याने सुभेदाराला आणि मुख्य धर्मपंडिताला घसघशीत नजराणा दिला, तेव्हा कुठे त्याला बादगीर बांधता आला.

जरा थांबून विचार करू. वारा कुणी निर्माण केला नाही. तो एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. पाण्याची टंचाई तरी समजते; वाऱ्याची टंचाई नव्हतीच. तरी तो अडवला गेला. म्हणजे अडवायचा वारा नव्हता, माणसाची उंची होती. मनोरा दुरून दिसतो. तो गारवा देतो तशी प्रतिष्ठाही देतो. आणि छत्री काय, फिरती सावली! महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ हा दिवस ज्या महाराष्ट्राने पाहिला, त्याला हा तर्क परका वाटू नये. तिथेही प्रश्न पाणी पुरेल का हा नव्हताच.

या कहाणीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८५४ साली मानेकजी लिमजी हतारिया यांना इराणात धाडलं. त्यांनी आणि इतरांनी केलेल्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली नासिरुद्दीन शहाने जरथुष्ट्र्यांवरचा जिझिया रद्द केला. त्याच काळात आणि पुढे यझ्दकडची अनेक कुटुंबं मुंबईला आली. आपल्याला ठाऊक असलेली इराणी हॉटेलं त्यांतल्या कितीकांच्या कष्टाची. ज्यांना बादगिराची बंदी होती, त्यांच्यापैकी काहींच्या वंशजांनी मुंबईत कोपऱ्यावरच्या, चारी बाजूंनी हवा खेळणाऱ्या दुकानांत साऱ्या शहराला बसायला जागा दिली.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. खोल विहिरी आणि पंप आले, भूजल खाली गेलं, कित्येक कनाती कोरड्या पडल्या. घरोघर कूलर आले, बादगीर निरुद्योगी झाले. आता यझ्दला इस्फहानकडून, झायंदेरूद नदीचं पाणी नळाने येतं. २०१३ साली तिकडच्या संतप्त शेतकऱ्यांनी त्या वाहिनीची मोडतोड केली, कारण त्यांची शेतं वाळत होती.

मग ‘जुनं ते सोनं’ म्हणायचं का? नाही. कनात खणणारे मुकन्नी बोगदा कोसळून मरत. कामाला उतरताना ते पांढरे कपडे घालत, जणू कफनच. पाण्याचे वाटेही सर्वांचे सारखे नव्हते. ज्याची मालकी मोठी त्याच्या वाट्या जास्त. तथापि जुन्या शहरातली एक गोष्ट आपण नीट तपासली पाहिजे. साबातची सावली बांधणाऱ्यापुरती राहत नसे; खालून जाणारा हमालही तिच्यात येई. वातानुकूलन यंत्राचं उलट. ते खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतं. आतल्याला गारवा, आणि बाहेर हातगाडी घेऊन उभा असलेल्याला आणखी थोडा उकाडा. एक गारवा वाटला जातो, दुसरा दुसऱ्याच्या अंगावर ढकलून मिळवला जातो. तत्त्वज्ञानात आम्ही न्यायाच्या पुष्कळ व्याख्या शिकवल्या. त्यांतला फरक समजावून घ्यायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आज आपल्याकडेही उष्मा कृती आराखडे होऊ लागले आहेत; अहमदाबादने २०१३ साली पहिला केला. आराखडा हाती आला की आपण त्याला यझ्दचा प्रश्न विचारावा. किती झाडं, किती पाणपोया, हे तर विचाराच. पण ही सावली कुणाच्या डोक्यावर पडणार, आणि काढून टाकलेली उष्णता कुणाच्या दारात जाणार, हे आधी विचारा. १९०० साली एका माणसाला वारा विकत घ्यावा लागला होता. त्याच्याकडे पैसा होता म्हणून त्याची नोंद राहिली; ज्यांच्याकडे नव्हता, त्यांचे उन्हाळे कुणी लिहून ठेवले नाहीत.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा.