मनाचा डॉक्टर बिरवाडीत कधी घडणार?

महाडहून वरंध घाटाकडे निघालं की बिरवाडी लागते. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाने माणसं मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या छापल्या. पुढे प्राझोसिन या औषधाने असंख्य जीव वाचले. डॉक्टर असा घडतो, रुग्णाजवळ बसून.

मग मनाचा डॉक्टर कुठे घडवला गेला? भिंतीआड! रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. १९१२ च्या कायद्याचा भर रुग्णाला कोंडण्यावर होता. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार भारतात सुमारे चाळीस हजार लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, इंग्लंडात तीनशेंमागे एक. १९५४ मध्ये बंगळूरला मानसोपचार शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तज्ज्ञ घडू लागले, पण बहुतेक शहरांतच राहिले. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मान्य केलं की हे शिक्षण खेड्यातल्या डॉक्टरलाही द्यायला हवं.

२२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. मागे राहिलेल्यांना घरं हवीत, तसा रात्री झोप उडाल्यावर गाठता येईल असा जवळचा डॉक्टरही हवा.

त्या डॉक्टरला औषधं कळली की झालं, असं आम्ही मानत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांना मारहाण झाली आणि मग तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. अपमान ही पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेली जखम आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातीचं मूळ मनात दाखवलं. ज्याला जात दिसत नाही, तो डॉक्टर दोष फक्त रुग्णाच्या मेंदूत शोधेल.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारात जातीवरून भेदभावाला मनाई करतो. त्याचं कलम ३१ सरकारी व तुरुंगातल्या डॉक्टरांना प्रशिक्षण देण्याचं आणि दहा वर्षांत पुरेसे तज्ज्ञ उभे करण्यासाठी प्रयत्न करण्याचं बंधन सरकारवर घालतं. कायदा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत २०२८.

तरुण मित्रांनो, आपापल्या आरोग्य केंद्रात जा आणि लेखी विचारा: इथल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण झालं का? उत्तर येईपर्यंत विचारत राहा. पाण्याचा हक्क आपण मागून नव्हे, लढून घेतला. हाही तसाच घ्यावा लागेल.

जय भीम!