गोमतीवरचा शाही पूल

पाठ्यपुस्तकात अकबराच्या लढाया असतात, त्याच्या काळचे पूल क्वचितच असतात. म्हणून या वेळी आपण उत्तर प्रदेशातील जौनपूरला जाऊ.

१५६७ मध्ये जौनपूरचा सुभेदार खान जमान याचे बंड अकबराने मोडून काढले आणि हा मुलूख मुनीम खानाकडे सोपवला. १५६८-६९ च्या सुमारास शहरातून वाहणाऱ्या गोमतीवरचा दगडी पूल पुरा झाला. बंडखोर प्रदेश ताब्यात ठेवायचा, तर भर पावसाळ्यातही फौज आणि तोफा नदीपार नेता यायला हव्यात. नावा जोडून केलेला पूल पुरापुढे टिकत नाही. केवळ प्रजेच्या सोयीसाठी एवढा खटाटोप झाला असेल, असे आम्हाला वाटत नाही. पुढे मुनीम खान बंगालच्या मोहिमेवर गेला आणि १५७५ मध्ये तिकडेच साथीत वारला.

मुख्य पुलाला दहा कमानी आहेत. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीतले पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, म्हणून ती उभी राहते. पण ती आपल्या टेकूंना बाहेर रेटत असते. वर्गात दोन मुलांना तळहाताला तळहात लावून पुढे झुकायला सांगा. पाय मागे सरकू लागतात. शेजारची कमान उलट बाजूने रेटते, त्यामुळे खांबावर तोल साधतो. पण एक कमान पडली तर? तो रेटा एकट्या खांबाने पेलावा, म्हणून तो जाडजूड ठेवायचा.

याची किंमत नदी वसूल करते. जाड खांब पात्र अडवतात, उरलेल्या वाटेतून पाणी वेगाने जाते, खांबांचा पाया खरवडते आणि पुलाच्या वरच्या अंगाला पातळी चढते. त्यात गोमतीच्या मुखाशी गाळाचे उंच बांध साचतात आणि पुराचे पाणी गंगेत लवकर उतरत नाही. सप्टेंबर १८७१ च्या पुरात शहरातली ४००० आणि काठच्या खेड्यांतली ९००० घरे वाहून गेली. पूल राहिला.

त्याला खरा दणका दिला तो भूकंपाने. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर सात कमानी पुन्हा बांधाव्या लागल्या. १९७८ पासून राज्याच्या पुरातत्त्व खात्याने पुलाला संरक्षण दिले आहे. मुनीम खानाच्या कारागिरांचा हात पाहायचा, तर भूकंपात न पडलेल्या कमानी शोधाव्या लागतात.