थॉमसाइट्स: फिलिपाइन्समधील अमेरिकन इंग्रजी शिक्षक

परदेशी जाऊन तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवणे हा आज अनेक तरुणांचा व्यवसाय आहे. सरकारने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतल्याचे एक सुरुवातीचे उदाहरण फिलिपाइन्समध्ये सापडते. या कामातून नेमके काय साधले, हे तिथे दीर्घ काळाच्या अनुभवावरून तपासता येते.

१८९८ च्या पॅरिस तहानुसार स्पेनने हा द्वीपसमूह दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेला दिला. फिलिपिनो राष्ट्रवाद्यांना हा सौदा मान्य नव्हता आणि १८९९ मध्ये युद्ध सुरू झाले. युद्ध चालू असतानाच शाळा उघडण्यात आल्या. तिथले पहिले इंग्रजी शिक्षक अमेरिकन सैनिक होते, ही बाब ध्यानात ठेवावी. जानेवारी १९०१ मधील कायदा क्रमांक ७४ ने शिक्षण खाते स्थापन केले, शक्य तितक्या लवकर इंग्रजी हे माध्यम करावे असे ठरवले आणि अमेरिकेतून एक हजार शिक्षक आणण्यास मंजुरी दिली. २१ ऑगस्ट १९०१ रोजी 'थॉमस' हे लष्करी वाहतुकीचे जहाज पाचशेहून अधिक शिक्षकांना घेऊन मनिलाच्या उपसागरात आले. त्यावरून त्यांना 'थॉमसाइट्स' हे नाव पडले.

हे शिक्षक दूरदूरच्या गावांत विखुरले गेले. काही जण आजाराने दगावले, तर काही लुटारूंच्या हातून मारले गेले. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण धोरणात होती. भारतात १८३५ साली मेकॉलेने इंग्रजीचा पुरस्कार केला खरा, पण १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणासाठी देशी भाषाच योग्य मानल्या. फिलिपाइन्समध्ये मात्र पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी आली. तागालोग, सेबुआनो किंवा इलोकानो बोलणारे मूल अमेरिकन वाचनपुस्तकातून सफरचंद आणि हिमवर्षाव यांविषयी शिकू लागले. देशात अनेक भाषा असल्यामुळे एक समान भाषा हवी, असा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता, कारण स्पॅनिश थोड्याच लोकांना येत होती.

१९२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे पॉल मन्रो यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने या व्यवस्थेची तपासणी केली. गणिती आकडेमोडीत फिलिपिनो मुले अमेरिकन मुलांच्या जवळपास होती. इंग्रजीवर अवलंबून असलेल्या चाचण्यांत मात्र ती बरीच मागे पडली. म्हणजे मुले हुशार होती, आड येत होती ती भाषा. त्यातही बहुतेक मुले सुरुवातीच्या काही इयत्तांतच शाळा सोडत. शिकलेल्या थोड्याशा इंग्रजीचा त्यांना गावात काय उपयोग होणार? तरीही आयोगाने इंग्रजी माध्यम चालू ठेवण्याचीच शिफारस केली. त्याच दशकात नजीब सलीबी यांनी प्रादेशिक भाषांतून शिकवावे असा आग्रह धरला होता. तो मानला गेला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते थॉमसाइट्सचे टिकाऊ काम इंग्रजीच्या धड्यांपेक्षा शिक्षक घडवण्यात आहे. मनिलातील नॉर्मल स्कूल १९०१ मध्येच सुरू झाले आणि १९२० च्या दशकापर्यंत वर्गात शिकवणारे बहुसंख्य शिक्षक फिलिपिनोच होते. मात्र सर्वांचे मत इतके सौम्य नाही. इतिहासकार रेनातो कॉन्स्तान्तिनो यांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या शिक्षणाला 'कुशिक्षण' ठरवले. परक्या भाषेने फिलिपिनो माणसाला त्याच्याच भूतकाळापासून आणि सामान्य जनतेपासून तोडले, असे त्यांचे म्हणणे होते. याची दुसरी बाजूही आहे. इंग्रजीच्या बळावर लाखो फिलिपिनो परिचारिका, खलाशी आणि कॉल सेंटरमधील कर्मचारी घर चालवतात. मात्र हा लाभ १९०१ च्या नियोजनात कुठेच नव्हता.

हा वाद अजून मिटलेला नाही. २०१३ च्या कायद्याने सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषा हे माध्यम ठरवले आणि २०२४ च्या कायद्याने ती तरतूद मागे घेऊन बालवाडी ते तिसरीच्या वर्गांत पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी आणल्या.