चुट्टी वाहिनीचा आरंभकाल

चेन्नईच्या सन समूहाची तमिळ बालवाहिनी ‘चुट्टी टीव्ही’ हिच्या आरंभाची मिती आम्ही २९ एप्रिल २००७ ही धरतों. परवानगीच्या कागदावरील मिती मात्र आरंभाची मानूं नये. २००५ च्या सरकारी नियमांनीं वाहिनीस आधीं परवानगी घेणें भाग होतें, प्रक्षेपण मागाहून होई. सनदेची मिती निराळी व अंमल बसल्याची निराळी, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नकोच.

हिला ‘पहिली’ म्हणतात, तेंही पारखून घ्यावें. कार्टून नेटवर्कवर तमिळ आवाज तत्पूर्वींच ऐकूं येत असे. पण चित्रें तींच, भाषा तेवढी निराळी. मूळ पोथीच्या समासांत परभाषेची टीका लिहावी, तसा तो प्रकार. केवळ तमिळ मुलांकरितां काढलेली वाहिनी, या अर्थीं चुट्टीचा मान अबाधित राहतो.

नांवावरून मराठी वाचकास ‘सुट्टी’ आठवेल. ती व्युत्पत्ति सर्वस्वी चूक. तमिळांत चुट्टी म्हणजे चुणचुणीत, खोडकर मूल. २०११ साली निघालेल्या मल्याळी ‘कोच्चु टीव्ही’चें नांवही असेंच, कोच्चु म्हणजे लहान.

एप्रिल २००७ अखेरचीं तमिळ वृत्तपत्रें रद्दींतून कोणी वांचविलीं असल्यास त्यांतील कार्यक्रमपत्रिका आम्हांस अवश्य दाखवाव्या.